अनसूयाबाईंचा उकला

पडदा वर जातो तेव्हा समोर एक बैठकीची खोली आहे. मधोमध पाट, पाटासमोर लाल पंचा अंथरलेला, त्यावर एक पाटी आणि पितळी तबक. तबकात वीतभर लांबीच्या दोन सळया, प्रत्येक सळईत चार चौकोनी ठोकळे ओवलेले, ठोकळ्यांवर टिंबं. पाटावर कमलाकांतभट बसलेले, कपाळाला गंध, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असा भाव की ब्रह्मदेवानं आत्ताच त्यांना काही खासगी सांगितलं आहे. डाव्या अंगाला गिऱ्हाईक. उजव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार, दाराला अर्धा पडदा, आणि त्या पडद्याखाली जोडवी घातलेली दोन पावलं.

स्थळ, अकोल्याची जठारपेठ. काळ, एकोणीसशे सत्तावनच्या आगेमागे.

पावलं अनसूयाबाईंची. या नाटकाचं मुख्य पात्र त्याच. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या अशाच विंगेत उभ्या होत्या, आणि त्यांचा प्रवेश काही केल्या येत नव्हता.

त्या दिवशी गिऱ्हाईक होते दर्यापूरकडचे महादेवराव. खाऊन पिऊन सुखी शेतकरी, पण तोंड उतरलेलं.

"महाराज, माहा बैल दिसून नाई राह्यला. ढवळा हाये. शिंगाले निळा रंग मारेल हाये."

कमलाकांतांनी सळया दोन्ही तळहातांत धरल्या, पुटपुटले, आणि पंच्यावर टाकल्या. 'ठक्' असा एकच आवाज झाला. सळया शेजारी शेजारी लावून त्यांनी टिंबं मोजली. पासे टाकून भविष्य सांगायच्या या रमलाची रीत अशी, की एका ओळीत टिंबं विषम आली तर पाटीवर एक ठिपका काढायचा, सम आली तर दोन. अशा चार ओळी झाल्या की आकृती पुरी. पाटीवर आकृती उमटली: वर एक ठिपका, त्याखाली दोन, त्याखाली पुन्हा दोन, तळाशी एक.

"उकला," कमलाकांत म्हणाले. आवाज खर्जातला. "वर कडी, खाली कडी. मधले चार आत कोंडलेले. शनीची आकृती. बंद आहे."

"काय बंद हाये?"

"बैल. बंद जागेत आहे."

"बंद जागा मंजे कुठी?"

"तेवढं शास्त्र सांगत नाही. कोंडवाड्यात पाहिलं काय?"

"नाई बा."

"मग?"

महादेवराव उठले आणि कोंडवाड्यात गेले. बैल तिथं होता. त्या दिवसापासून दर्यापूर भागात कमलाकांतभटांचं नाव झालं. हरवलेलं जनावर दर वेळी कोंडवाड्यातच असतं, ही गोष्ट तिकडं कोणाच्या ध्यानात आली नाही. आली असेल तर त्यानं ती भिडेखातर सांगितली नाही.

रमलात अशा सोळा आकृत्या. प्रत्येकीचा ग्रह वेगळा, स्वभाव वेगळा. एखादी आनंदाची, एखादी रक्ताची, एखादी वाटेची, एखादी गर्दीची. कमलाकांतांचे वडील सोळाच्या सोळा वाचीत. पण ते वारल्यावर सळया मुलाच्या हाती आल्या, आणि हळूहळू असं झालं की पाटीवर दुसरं कोणी येईचना. यायचा तो उकला. आणि गंमत ही, की उकला बहुतेक खराच ठरायचा. साहेबाची बदली होणार काय? उकला. नाही होत. भाडेकरू खोली सोडेल काय? उकला. नाही सोडत. पोटातलं बाळ सुखरूप आहे ना? उकला, पक्कं आत आहे, काळजी नको. अकोल्यात तेव्हा बहुतेक गोष्टी जिथल्या तिथंच राहत असत, त्यामुळं शास्त्राला फार त्रास पडत नसे.

त्रास होता तो एकट्या अनसूयाबाईंना.

कारण कमलाकांत घरातलं काहीही पासे टाकल्यावाचून करीत नसत. अनसूयाबाईंना कुठं जायचं म्हटलं की तबक बाहेर. मावसबहिणीचं लग्न यवतमाळला, उकला. शेजारणी चिखलदऱ्याला निघाल्या, थंड हवेचं, ढग पायाशी येतात म्हणतात, उकला. ही आकृती अनसूयाबाईंना आता उलटी, सुलटी, झोपेतसुद्धा दिसायची. नवऱ्याला त्यात कड्या दिसत. बाईंना त्यात लोणच्याची बरणी दिसे. वर झाकणाची मूठ, मधे फुगलेलं पोट, खाली निमुळतं बूड. आणि आत खारात मुरत पडलेल्या त्या स्वतः.

"बैल बरा," त्या एकदा परसात शेजारीण गंगूबाईला म्हणाल्या. "त्याले निदान कोणी सोडवाले येते."

एकदाच त्या उकल्यानं थट्टेची हद्द ओलांडली. दर्यापूरहून सांगावा आला, मास्तर अंथरुणाला खिळले आहेत. मास्तर म्हणजे अनसूयाबाईंचे वडील. कमलाकांतांनी तबक घेतलं. उकला. "जीव पक्का आत आहे," ते म्हणाले, आणि खरोखर धीर द्यावा म्हणूनच म्हणाले. "घाई नको. पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढच्या आठवड्यात दोघं गेले ते दहाव्याला. अनसूयाबाई परत आल्या आणि भाकरी टाकायला बसल्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरात थापल्या गेल्या, इतकंच.

आता या बाईंचा आवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या आवाजानंच घडवलं.

मास्तरांच्या या लेकीला देवानं गळा दिला होता तो एखाद्या फौजदारासाठी घडवलेला असावा; वाटपात घोळ झाला. लहानपणी मास्तरांचा वर्ग गोंगाट करू लागला की ती दारातून "गप्प!" म्हणायची. मुलं गप्प व्हायची, आणि मास्तरही हातातला खडू घेऊन क्षणभर गप्प उभे राहायचे. जठारपेठेत मात्र त्या आवाजाला काम नव्हतं. भाजीवालीला कोपऱ्यावरून परत बोलावणं, एवढाच त्याचा उपयोग.

मग एका दुपारी अंगणातलं वाळवण एका शेळीनं खायला घेतलं. अनसूयाबाई दारात आल्या आणि ओरडल्या, "ए! सरक तिकडं!"

शेळी थांबली. शेळीवाला थांबला. रस्त्यानं चाललेला टांगाही थांबला, आणि त्यातून चारुशीलाबाई खाली उतरल्या.

चारुशीलाबाई म्हणजे वकिलीणबाई, तिथल्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. डोळ्यांना चष्मा, हाताला घड्याळ. त्यांनी स्वतः एक ऐतिहासिक नाटक लिहिलं होतं. त्यात एक दुष्ट सुभेदार नायिकेला वाड्यात कोंडून ठेवतो आणि शेवटी पस्तावतो. नाटक बायकांचं, प्रेक्षक बायका, पुरुषाचं काम करणाऱ्याही बायकाच. नायिका व्हायला मंडळातल्या निम्म्या जणी तयार होत्या. सुभेदार व्हायला एकही नाही. मिशा लावायच्या म्हटल्यावर सगळ्यांना अचानक माहेरी कामं निघाली.

"बाई, तुम्ही मिशा लावाल काय?" चारुशीलाबाईंनी रस्त्यातच विचारलं.

अनसूयाबाईंनी शेळीकडं पाहिलं, वाळवणाकडं पाहिलं, आत पाटावर डोळे मिटून बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं.

"कोणत्या रंगाच्या?" त्यांनी विचारलं.

तालमी मंडळाच्या खोलीत, गल्ली ओलांडली की आलं. गावाबाहेर जायचं नव्हतं, म्हणून तबक निघालं नाही. पहिले काही दिवस मात्र सुभेदार जमेना. आवाज होता, पण दुष्टपणा येईना. "अनसूयाबाई, तुम्ही नायिकेला कोंडताहात," चारुशीलाबाई कळवळून म्हणत, "आणि बोलता अशा, की तिला जेवायला वाढताहात!" बेबीताई नायिका होती, गोरीपान, रडायला हुशार, तीही म्हणे, "मावशी, मला भीती वाटली तर मी रडेन न!"

अनसूयाबाई घरी आल्या. पडद्याआड उभ्या राहिल्या. बाहेर कमलाकांत कोणाला तरी सांगत होते, "बंद आहे." डोळे मिटून, हनुवटी वर, शब्दांत दया नाही आणि रागही नाही. नुसती कडी लावल्यासारखा आवाज.

दुसऱ्या दिवशी तालमीत सुभेदारानं डोळे मिटले, हनुवटी वर केली, आणि कोणाकडंही न पाहता म्हटलं, "या वाड्याचा दरवाजा आमच्या हुकुमाशिवाय उघडणार नाही." बेबीताई नाटकात नसलेल्या जागी रडली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रयोग झाला. सुभेदार आला की पहिल्या रांगेतल्या पोरी आयांच्या पदराआड शिरत. आठच दिवसांत अमरावतीच्या महिला मंडळाचं बोलावणं आलं. रथसप्तमीला दुपारी तीन वाजता प्रयोग, मोठं नाट्यगृह, खरा मखमली पडदा. येताना सुभेदार तोच आणावा, अशी खास सूचना.

अमरावती म्हणजे काही काशी नव्हे. मूर्तिजापूर गेलं की बडनेरा, बडनेऱ्याहून हात लांब केला की अमरावती. पण त्या मखमली पडद्यामागं एकदा उभं राहायचं, हे अनसूयाबाईंना आयुष्यात दुसरं काही हवं वाटलं नव्हतं एवढं हवं वाटलं. आणि मधे तबक होतं.

सळया आजवर कमलाकांतांशिवाय कोणी हाताळल्या नव्हत्या. ते रोज सकाळी देवाबरोबर त्यांनाही स्नान घालत. पाणी, मग तुपाचं बोट, मग गंध, हळद, कुंकू, अक्षता. टिंबं दिसली पाहिजेत म्हणून वरची बाजू अंगठ्यानं पुसून घेत, आणि सळया होत्या तशाच्या तशा देव्हाऱ्यात ठेवीत. वर्षानुवर्षं. वडलांना हे सोपस्कार माहीत नव्हते. ते सळया कोटाच्या खिशात, अडकित्त्याबरोबर ठेवीत. मुलाची भक्ती जास्त.

त्या दिवशी कमलाकांत कोणाकडं तरी सत्यनारायण सांगायला गेले होते. अनसूयाबाई चिंच आणि राख घेऊन देवाची पितळ घासायला बसल्या. समया झाल्या, पळी-पंचपात्र झालं, घंटा झाली. तबक घासायचं तर सळया उचलणं भाग होतं. त्यांनी उचलल्या.

जड लागल्या. आणि एकाच अंगाला जड.

त्यांनी ठोकळा नखानं फिरवून पाहिला. हलेना. दुसरा पाहिला. हलेना. सळई उलटी केली तर खालच्या बाजूला गंध, तूप आणि कुंकू यांचा बोटाएवढा थर, वाळून दगड झालेला. पाण्यानं आतली तार गंजलेली, आणि गंजाला तुपानं घट्ट मिठी मारलेली. चार सुटे ठोकळे कुठले? एक अखंड दांडी झाली होती, बुडाशी जड. कशीही फेका, त्याच अंगावर पडणार आणि तीच टिंबं वर येणार.

बाईंनी स्टोव्हच्या बाटलीतलं रॉकेल वाटीत ओतलं आणि सळया त्यात बुडवल्या. केसातल्या आकड्यानं खरवडू लागल्या. लाल-पिवळे पापुद्रे निघाले. हळद निघाली, जुन्या दिवाळ्यांचं कुंकू निघालं, एक अक्षता निघाली ती चक्क आख्खी. शेवटी पहिला ठोकळा फिरला. मग दुसरा. त्यांनी सळई हलवली. खुळखुळ वाजली. सासऱ्यांच्या मागं हा आवाज या घरात कोणी ऐकला नव्हता.

अनसूयाबाई हसत सुटल्या. पदर तोंडात कोंबून हसल्या. साहेबांच्या बदल्या, भाडेकरूंच्या खोल्या, गंगूबाईच्या सुनेचं बाळंतपण, सगळं एका गंधाच्या ढेपेवर चाललेलं! आणि हसता हसता त्यांना दर्यापूरचे मास्तर आठवले. "जीव पक्का आत आहे." त्या तशाच बसून राहिल्या, सळई मांडीवर, हाताला रॉकेलचा वास.

मनात एक विचार आला, नाही असं नाही. मेण होतं घरात. हवी ती टिंबं वर करून चिकटवून टाकावीत. पण मग त्यांच्यात आणि त्या गंधाच्या ढेपेत फरक काय राहिला? त्यांनी सळया स्वच्छ पुसल्या, वरून दिसण्यापुरतं गंधाचं बोट लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. आता जे पडेल ते पडेल. निदान खरं पडेल.

संध्याकाळी चारुशीलाबाई रीतसर विचारायला आल्या. चष्मा पुसून बसल्या. "भटजी, अनसूयाबाईंना दोन दिवस अमरावतीला न्यायचं म्हणते."

"पाहू," कमलाकांत म्हणाले. तबक ओढलं. अनसूयाबाई त्या दिवशी पडद्याआड राहिल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या.

सळया पंच्यावर पडल्या. खुळखुळ, खुळखुळ, खट्. कमलाकांत दचकून मागं सरले. पंच्यावर विंचू पडला असता तर एवढे सरले नसते.

"काय झालं?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही." त्यांनी टिंबं मोजली. परत मोजली. पाटीवर दोन ठिपके निघाले, त्याखाली दोन, परत दोन, परत दोन. आठ ठिपके, मिलिटरीची रांग असावी तसे. कमलाकांत पाटीकडं बघत राहिले. या आकृतीला कधीतरी, फार पूर्वी, पाहिल्यासारखं वाटत होतं. लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं. नाव आठवेना.

"ही..." ते म्हणाले. कपाळावर घाम आला. "ही जमात. हो, जमात. गर्दीची आकृती. माणसंच माणसं."

"वा! म्हणजे नाट्यगृह भरणार!" चारुशीलाबाई खूश.

"छे. गर्दी म्हणजे धक्काबुक्की. गर्दीत घरच्या बाईनं जाणं बरं नाही."

अनसूयाबाईंनी भुवया वर केल्या. "पुन्हा टाका."

"एका प्रश्नाला दोनदा टाकत नाहीत."

"मघा हात हलला तुमचा. मी पाहिलं. टाका."

टाकले. खुळखुळ. या वेळी पाटीवर नुसते चार ठिपके उतरले, एकाखाली एक, सरळ रेषेत. पावलं उमटत गेल्यासारखे. ही आकृती कमलाकांतांना लगेच आठवली, कारण वडील ती आली की सळया खिशात घालून उठत आणि म्हणत, चला.

"तरीक," ते हळूच म्हणाले. "वाट. प्रवासाची आकृती."

"झालं तर!" चारुशीलाबाई उठल्याच.

"ऐका तरी! वाट आहे, पण वाटच आहे. शेवटी मुक्काम कुठं आहे? म्हणजे गेलेलं माणूस चालतच राहतं. परत येत नाही. जाऊ नये."

अनसूयाबाई पाटीकडं बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, ढेप सळईला आहे. गंज तारेला आहे. बंद पडली तरी नाही, उघडी पडली तरी नाही. गर्दी असली तरी नाही, रिकामी वाट असली तरी नाही. रॉकेल चुकीच्या जागी लावलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता, भाकरी वाढतानाचा. "सोळाच्या सोळा टाकल्या तरी तुम्ही नाहीच म्हणणार. काहून?"

"शास्त्र..."

"शास्त्र राहू द्या तबकात. तुम्ही सांगा. काहून?"

कमलाकांतांनी चारुशीलाबाईंकडं पाहिलं, मग सळयांकडं, मग चुलीच्या दिशेला. आणि शेवटी, शाळेतलं पोर बोलतं तसे बोलले.

"तू गेल्यावर मी जेवू काय?"

चारुशीलाबाईंनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला. अनसूयाबाई खाली बसल्या, पाटी पुढं ओढली, ठिपके पुसले आणि स्वतःच्या हातानं काढले: एक, दोन, दोन, एक.

"उकला," त्या म्हणाल्या. "घरातली वस्तू घरातच आहे. भाकरी टोपल्यात, ठेचा वाटीत, लोणचं फडताळातल्या बरणीत. तुम्ही आत बसा. मी परवा सकाळच्या गाडीनं जाऊन राहिले."

आणि गेल्या.

गाडीत सुभेदाराची तलवार वरच्या फळीवर होती आणि बेबीताईला मूर्तिजापूर यायच्या आतच मळमळलं. अनसूयाबाई खिडकीशी बसल्या. कापसाच्या गाड्यांची रांग, जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर, पऱ्हाट्या उभ्या असलेली काळी रानं. हे सगळं दर्यापूरलाही होतं, नवीन काही नाही. तरी त्यांनी बडनेऱ्यापर्यंत मान वळवली नाही. चारुशीलाबाईंनी विचारलं, "काय पाहता एवढं?" तर म्हणाल्या, "हलून राहिलं न सगळं."

अमरावतीचं नाट्यगृह म्हणजे त्या काळच्या बायकांना राजवाडाच वाटावा असं होतं. रंगपटात आरसे, आरशांना दिवे. पडदा खरंच मखमली, जांभळट, आणि त्याला नव्या वहीसारखा नव्हे, जुन्या शालीसारखा वास. दाराबाहेर पाटी: फक्त महिलांसाठी, पुरुषांना प्रवेश नाही. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता आत मुंगी शिरायला जागा उरली नाही. लेकुरवाळ्या, कॉलेजच्या मुली, सासवा, सुना, आणि सगळ्यांच्या वर तो आवाज, हजार बांगड्यांचा आणि एका वेळी बोलणाऱ्या सगळ्यांचा. आठ ठिपक्यांची आकृती काही खोटी पडली नव्हती.

खोटं पडलं ते एवढंच, की पडदा ओढणारा गडी आला नाही. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आज पुरुषांना प्रवेश नाही. तो बिचारा घरी जेवून झोपला.

"आता?" चारुशीलाबाई घड्याळाकडं बघत म्हणाल्या. मखमलीचं वजन असं, की दोर ओढून अंकभर धरून ठेवायला एक माणूस अडकवायलाच हवा, आणि मंडळातली प्रत्येक बाई तर नाटकात होती. बेबीताईनं रडायला सुरुवात केली. तिला कारण लागत नसे.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दाराशी शकुन नावाची स्वयंसेविका उभी होती, कॉलेजची पोरगी, दंडाला फीत. ती कडक आवाजात सांगत होती, "अहो काका, सांगितलं न, बायकांचं आहे! मागं व्हा!"

"मला नाटक पाहायचं नाही," बाहेरून आवाज आला. "मला सुभेदारांना भेटायचं आहे."

अनसूयाबाई तलवार सावरत दाराशी आल्या. डोक्याला फेटा, अंगात जरीचा कोट, ओठांवर चांगल्या बोटभर जाडीच्या मिशा, गोंद अजून ओला. बाहेर कमलाकांत उभे. धुळीनं भरलेले, टोपी वाकडी, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली लोणच्याची बरणी.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कमलाकांतांनी आधी मिशांकडं पाहिलं, मग पायांकडं. जोडवी दिसली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"झाकण उघडेना," ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी बरणी घेतली. तळव्यानं बुडाला एक रट्टा दिला, झाकणाला पीळ दिला. फट्. रंगपटभर लिंबाच्या लोणच्याचा वास सुटला. शकुननं सुभेदाराकडं जे पाहिलं ते फार आदरानं पाहिलं.

"एवढ्यासाठी आले? अकोल्याहून?"

"नाही... म्हणजे हो." कमलाकांत घुटमळले. "काल दिवसभर घरात कोणाचा आवाज नव्हता. रात्री लोणचंही नाही. सकाळी म्हटलं, जावं काय? पासे टाकले. तू त्यांना रॉकेल लावलंस न? वास येतो."

"लावलं."

"चांगले फिरतात आता." थोडं थांबून ते म्हणाले, "उकला पडला. या वेळी खराखुरा. खुळखुळ वाजून. वर कडी, खाली कडी. जाऊ नये, कोंडला जाशील. तीनदा वाचला."

"मग?"

"मग टोपी घातली अन् निघालो."

एवढ्या वर्षांत या माणसानं उकल्याचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते त्यानं बरणी हातात घेऊन केलं होतं. दर्यापूरची ती दहाव्याची वाट अनसूयाबाईंच्या मनातून गेली नाही, जाणारही नव्हती. पण त्यांनी हात पुढं करून नवऱ्याची टोपी सरळ केली.

दुसरी घंटा झाली. चारुशीलाबाई धावत आल्या, कमलाकांतांना पाहिलं, वरपासून खालपर्यंत मापलं, आणि चष्म्याआडून त्यांचे डोळे चमकले. "पुरुष!" त्या आनंदानं म्हणाल्या. कमलाकांतांना आयुष्यात कोणी इतक्या आनंदानं तसं म्हटलं नव्हतं. दंडाला धरून त्यांना विंगेच्या कोपऱ्यात नेलं, मनगटाएवढा दोर हातात दिला. "तिसरी झाली की ओढायचा. अंक संपला की हळूहळू सोडायचा. अन् इथून हलायचं नाही. पुढं एक पाऊल टाकलं तर बायकांना दिसाल, मागं शकुन आहे."

कमलाकांतांनी पाहिलं. मागं दार, दाराला कडी, कडीशी दंडाला फीत बांधलेली शकुन. पुढं पडदा, आणि पडद्यापलीकडं हजार बांगड्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रंगवलेला वाडा. ते मधे, फूटभर जागेत, दोर धरून. त्यांचे ओठ हलले. एक, दोन, दोन, एक.

"अनसूये," ते अगदी हळू म्हणाले, "मी इथून निघू कसा?"

सुभेदारानं मिशीवरून बोट फिरवलं, डोळे मिटले, हनुवटी वर केली. तिसरी घंटा वाजू लागली होती.

"तुमचा उकला पहिल्यांदाच बरोबर पडला," अनसूयाबाई म्हणाल्या. "आता दोर सोडू नका."